गोळीची कंपनी बदलल्यावर त्रास झाला, तर काय तपासावे

डिप्रेशनच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि एवढ्या काळात हातात येणारी पट्टी सारखीच राहील असे सहसा घडत नाही. डॉक्टरांनी लिहिलेली कंपनी गावाकडच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, सिव्हिलच्या औषधखिडकीवर त्या वेळच्या साठ्यात जे असेल ते मिळते, किंवा जनऔषधी केंद्रात तीच गोळी बऱ्याच कमी पैशांत मिळते म्हणून घरातले कोणीतरी ती घेऊन येते. त्यानंतर चार-आठ दिवसांत मळमळ, चक्कर किंवा झोपमोड सुरू झाली की "जेनेरिक सोसत नाही" असे ठरवून टाकले जाते आणि पुष्कळदा औषधच थांबते. हे अनुमान कधी कधी बरोबर असते. बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते. ते कारण घरच्या घरी बऱ्याच अंशी शोधता येते. सोलापुरात राहणाऱ्या, किंवा धाराशिव, कलबुर्गी, विजयपुराकडून उपचारासाठी येथे येणाऱ्या रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी ते कसे शोधावे, यासाठी हा मजकूर आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट पाळावी. नव्या पट्टीची शंका आली तरी गोळी परस्पर बंद करू नये. ही औषधे अचानक थांबवली की चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी झणझण, चिडचिड, विचित्र स्वप्ने, मळमळ असा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होऊ शकतो आणि तोच गोळीचा दुष्परिणाम समजला जातो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांच्या बाबतीत हे अधिक प्रमाणात दिसते, कारण ती शरीरातून लवकर निघून जातात; फ्लुऑक्सेटिन रक्तात अनेक दिवस रेंगाळते, त्यामुळे तिथे हा त्रास सर्वांत कमी असतो. डॉक्टरांना फोन करावा, जुनी पट्टी मिळत असेल तर तीच चालू ठेवण्याविषयी विचारावे, आणि मगच पुढची तपासणी करावी.

ब्रँडेड म्हणजे नेमके काय

आपल्याकडे या वादात एक गफलत कायम होते. ज्या कंपनीने औषध प्रथम शोधून काढले तिचा माल म्हणजे मूळ ब्रँड, आणि पेटंट संपल्यावर इतरांनी तयार केलेले तेच औषध म्हणजे जेनेरिक. या हिशेबाने नवी पेठेतल्या कोणत्याही मेडिकलमध्ये ठळक नावाने विकली जाणारी एस्सिटालोप्राम किंवा सरट्रालिनची बहुतेक पाकिटे जेनेरिकच आहेत. त्यांना फक्त कंपनीने स्वतःचे नाव दिलेले आहे. म्हणजे "ब्रँडेडवरून जेनेरिकवर आलो" असे रुग्ण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर आलेला असतो. पट्टीवर छापलेल्या किमतीवरूनही काही ठरत नाही. काही बिननावाच्या गोळ्यांवर छापील किंमत भरपूर असते आणि दुकानदार त्यात मोठी सूट देतो. ती सूट म्हणजे कमी प्रतीचा पुरावा नाही आणि ती छापील किंमत म्हणजे चांगल्या प्रतीचाही नाही.

दोन कंपन्यांच्या गोळ्या सारख्या आहेत हे ठरवण्याची पद्धत अशी असते. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ औषध व एकदा नवी गोळी देऊन ठरावीक तासांनी रक्त तपासतात आणि औषध रक्तात किती चढले व एकूण किती उतरले हे मोजतात. या दोन्ही मापांचे गुणोत्तर, त्यातील अनिश्चिततेच्या पट्ट्यासह, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावे लागते. याचा अर्थ गोळीत औषध २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त चालते असा कित्येक जण लावतात, तो चुकीचा आहे. सगळा पट्टा त्या मर्यादेत बसवायचा असल्याने प्रत्यक्ष सरासरी फरक फार लहान असावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातील २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा रक्तात उतरलेल्या एकूण औषधातील सरासरी फरक सुमारे साडेतीन टक्के निघाला. भारतात मात्र पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या गटांसाठी ही चाचणी २०१७ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वी, औषध मंजूर होऊन चार वर्षे उलटल्यावर परवाना घेणाऱ्या कंपनीला ती बंधनकारक नसे. त्यामुळे येथे डोळे झाकून विश्वास ठेवावा असेही मी म्हणणार नाही. शिवाय प्रत्येक कंपनीची गोळी मूळ औषधाशी ताडून पाहिलेली असते. या जेनेरिकची त्या जेनेरिकशी तुलना कोणी केलेली नसते.

दोन पट्ट्या शेजारी ठेवून वाचणे

खरे काम येथे सुरू होते, आणि बहुतेक कोडी येथेच सुटतात. जुनी आणि नवी पट्टी उजेडात शेजारी ठेवून मागची बाजू वाचावी. अक्षर बारीक असते, म्हणून मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहिल्यास सोपे जाते. कंपनीने दिलेले नाव बाजूला ठेवून मूळ औषधाचे नाव शोधावे. २०१८ च्या नियमदुरुस्तीनुसार ते ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापणे आवश्यक आहे. एस्सिटालोप्राम आणि सिटालोप्राम, व्हेनलाफॅक्सिन आणि डेसव्हेनलाफॅक्सिन ही नावे घाईत एकसारखी वाटतात, पण औषधे वेगळी आहेत आणि त्यांच्या मात्राही वेगळ्या आहेत.

नंतर पॉवर पाहावी. पट्टीवर "एस्सिटालोप्राम ऑक्झलेट आयपी, एस्सिटालोप्राम १० एमजी एवढे" अशा अर्थाची ओळ असते; त्यातला शेवटचा आकडा आपल्या उपयोगाचा. जुनी पट्टी १० ची आणि नवी २० ची असेल, आणि दुकानदाराने "अर्धी घ्या" असे सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरले गेले असेल, तर रोज दुप्पट डोस पोटात जात असतो. मळमळ, हात थरथरणे, घाम आणि जुलाब यांचे कारण मग आणखी कुठे शोधण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर नावाच्या मागची शेपटी वाचावी. "प्लस" असा शब्द असेल तर त्या गोळीत बहुधा क्लोनाझेपाम हे बेचैनी कमी करणारे, झोप आणणारे औषधही मिसळलेले असते. हे आपल्याकडे अतिशय प्रचलित मिश्रण आहे. पूर्वी प्लस मिळत होती आणि आता साधी मिळाली, तर झोप उडणे, धडधड आणि बेचैनी हा क्लोनाझेपाम एकाएकी सुटल्याचा परिणाम असू शकतो. उलट साधीऐवजी प्लस आली तर दिवसभर गुंगी राहते आणि स्कूटर चालवणेही धोक्याचे होते. जेनेरिकचा दोष म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींत या एका शब्दाचा वाटा, माझ्या मते, मोठा असावा.

ईआर, एक्सआर, एसआर, सीआर, पीआर ही अक्षरे औषध पोटात सावकाश सुटण्याची खूण आहेत. समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या एका बाईंना व्हेनलाफॅक्सिन ७५ ची सावकाश सुटणारी कॅप्सूल सकाळी एकदा घ्यायला सांगितली होती आणि या महिन्यात तिच्याऐवजी ७५ चीच साधी गोळी आली. औषध तेच, पॉवर तीच, म्हणून त्यांनी ती तशीच सकाळी एकदा सुरू केली. सावकाश सुटणाऱ्या कॅप्सूलमधून हे औषध रक्तात शिखर गाठायला साडेपाच तासांच्या आसपास वेळ घेते, तर साध्या गोळीतून सुमारे दोनच तासांत. म्हणून आठला घेतलेल्या गोळीने दहाच्या सुमारास मळमळून येते, घाम फुटतो, छाती धडधडते. आणि साधी गोळी दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यायची असते, ती एकदाच घेतल्याने दुसऱ्या दिवशी पहाटे डोके गरगरते. बाईंना वाटते की स्वस्त गोळीने घात केला. प्रत्यक्षात गोळीचा प्रकार बदलला होता, प्रत नव्हे. असाच घोटाळा सावकाश सुटणारी गोळी मोडून अर्धी केल्याने किंवा चावून खाल्ल्याने होतो. अशा गोळ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय मोडू नयेत. विष्ठेत गोळीचे रिकामे टरफल दिसले तर घाबरू नये. त्यातले औषध आधीच उतरलेले असते.

शेवटी रंगाची ओळ पाहावी. गोळीला बांधणारे व फुगवणारे घटक आपल्या पट्टीवर सहसा तपशीलवार दिलेले नसतात, पण वापरलेला रंग छापलेला असतो. टारट्राझिनसारख्या पिवळ्या रंगाने काही थोड्या लोकांना अंगावर पित्त उठते. दूध न पचणाऱ्यांना गोळीतल्या लॅक्टोजविषयी, म्हणजे दुधातल्या साखरेविषयी, शंका येते. गोळीतले त्याचे प्रमाण फार थोडे असते, तरी दुधाचा अगदी थेंबही सोसत नसेल तर विचारलेले बरे. तोंडात विरघळणाऱ्या मिर्टाझापिनच्या गोळीत ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा असू शकतो, आणि फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांना तो चालत नाही. शाकाहारी घरांत कॅप्सूलच्या जिलेटिनचा प्रश्न निघतो. तो दुष्परिणामाचा मुद्दा नाही, पण त्यापायी गोळी गुपचूप सोडून देण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून साधी गोळी लिहून घ्यावी.

हे सगळे वाचायला पट्टी पूर्ण हवी. रोजंदारीवरच्या घरांत चार-पाच गोळ्या कापून घेण्याची पद्धत आहे आणि तिला पैशाचे कारण आहे. पण कापलेल्या तुकड्यावर नाव असते तर मुदत नसते, मुदत असते तर बॅच नंबर नसतो. अशा वेळी दुकानातच पूर्ण पट्टीचा फोटो काढून घ्यावा आणि बॅच नंबर असलेले बिल मागावे.

त्रास कोणत्या वेळी होतो

पट्ट्यांत काहीच फरक सापडला नाही, तर वहीत नोंद ठेवावी. गोळी किती वाजता घेतली, जेवणाआधी की नंतर, त्रास कोणता व किती वाजता झाला, झोप किती लागली, दुसरी कोणती औषधे घेतली, एवढे दोन आठवडे लिहिले तरी डॉक्टरांना पुरेसे होते. गोळीनंतर एक ते तीन तासांत होणारी मळमळ किंवा थरथर औषध रक्तात चढण्याशी जुळते आणि काही खाऊन घेतल्यास पुष्कळदा कमी होते. पुढचा डोस जवळ येताना किंवा डोस चुकल्यावर येणारी चक्कर व डोक्यातली झणझण औषध कमी पडल्याचे सुचवते. अंगावर पुरळ, खाज किंवा सूज ॲलर्जीकडे बोट दाखवते. उदासी, भूक मंदावणे, कशातच मन न लागणे हे सावकाश, काही आठवड्यांत परतत असेल, तर आजारच उलटत असण्याची शक्यता डॉक्टर तपासतील. लैंगिक इच्छा कमी होणे किंवा वीर्यपतनास उशीर होणे हा या औषधांचा फार परिचित दुष्परिणाम आहे. तो कोणत्याही कंपनीच्या गोळीने होतो आणि संकोचामुळे कंपनी बदलल्याच्या तक्रारीआड लपवला जातो. तो उघड सांगावा, कारण त्यावर उपाय आहेत.

नोंदवहीत इतर औषधे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. कंबरदुखीसाठी घेतलेले ट्रामाडोल किंवा खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन या गोळ्यांबरोबर सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचे प्रमाण धोकादायक वाढवू शकते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांसोबत पोटातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. विडी ओढणाऱ्याच्या रक्तात ड्युलोक्सेटिन सुमारे एक तृतीयांशाने कमी राहते, म्हणून विडी सोडल्यावर तीच गोळी जड पडू लागते. अशा वेळी सवय सुटल्याचे कौतुक करून डोसविषयी डॉक्टरांना विचारावे.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. या औषधांनी घाम मुळातच वाढतो. पट्टी एप्रिलमध्ये बदलली आणि पारा त्याच आठवड्यात ४२ अंशांवर गेला, तर घामाचा आळ गोळीवर घालण्याआधी जरा थांबावे. घरातील वृद्धांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. या गोळ्यांनी रक्तातील सोडियम घटू शकते आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल तर उन्हाळ्यात हा धोका अधिक वाढतो. आजी-आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा फार सुस्त झाले, तर कंपनीची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी सोडियमची तपासणी करून घ्यावी. पुष्कळ पट्ट्यांवर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. पत्र्याच्या खोलीत, स्कूटरच्या डिकीत किंवा गॅसशेजारच्या फळीवर ही अट मे महिन्यात पाळली जात नाही. भिंतीतल्या कपाटात, कपड्यांमागे पट्टी ठेवावी.

मनाचा भाग

रंग बदललेली गोळी हातात आली की शरीर तिच्याकडे लक्ष देऊ लागते. न्यूझीलंडमध्ये २०१७ मध्ये व्हेनलाफॅक्सिनच्या रुग्णांना एकाच जेनेरिक गोळीवर आणण्यात आले, आणि पुढे दूरचित्रवाणीवर त्या गोळीच्या तक्रारींची बातमी आल्यावर दुष्परिणामांच्या नोंदी वाढल्या. त्यातही बातमीत सांगितलेली लक्षणे विशेष वाढली. गोळी तीच होती, बातमी नवी होती. यावरून रुग्ण नाटक करतो असा अर्थ काढणे हा अन्याय ठरेल, कारण अपेक्षेतून आलेली मळमळ खरीच मळमळ असते. घरच्यांनी "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे वाक्य टाळावे. उपाय एवढाच की बदल होण्याआधी रुग्णाला सांगावे आणि दोन्ही पट्ट्यांवरचे मूळ नाव त्याला स्वतःला वाचू द्यावे.

आणि तरी रुग्ण बरोबर ठरल्याचे एक गाजलेले उदाहरण आहेच. अमेरिकेत ब्युप्रोपिऑनच्या ३०० एमजी सावकाश सुटणाऱ्या एका जेनेरिक गोळीला डिसेंबर २००६ मध्ये मंजुरी मिळाली होती. प्रत्यक्ष तुलना मात्र १५० एमजीच्या गोळीवर केलेली होती. डोकेदुखी, अस्वस्थता आणि आजार उलटल्याच्या तक्रारी येत राहिल्या, सुरुवातीला त्यांना फारसे महत्त्व दिले गेले नाही, आणि शेवटी प्रशासनाने स्वतः ३०० एमजीची तपासणी केल्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये ती गोळी मूळ औषधाच्या बरोबरीची नाही असे जाहीर झाले. म्हणून सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत वरची तपासणी अधिक कसून करावी, आणि वहीतली नोंद स्पष्ट असेल तर डॉक्टरांकडे कंपनी बदलून मागण्यात संकोच बाळगू नये.

बदल करायचाच असेल तर

पैशासाठी कंपनी बदलणे पूर्णपणे योग्य आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेने कित्येकांचे उपचार टिकले आहेत, आणि महाग गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेण्यापेक्षा स्वस्त गोळी रोज घेणे केव्हाही हिताचे. मात्र बदल दुकानात ठरू नये. ही औषधे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, येतात, आणि १९४५ च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी, घटक तेच असले तरी, दुसरे औषध दुकानदाराला परस्पर देता येत नाही. डॉक्टरांना सरळ विचारावे, "साहेब, मूळ नावाने लिहून द्याल का?" चिठ्ठीवर मूळ नाव, पॉवर आणि एक्सआर किंवा साधी हे तिन्ही येईल असे पाहावे.

बदलाची वेळ शांत निवडावी. घरात लग्न, मुलांची परीक्षा किंवा गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असताना आणि डोस वाढवला-कमी केला असेल त्याच आठवड्यात कंपनीही बदलू नये, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. एकदा बदलल्यावर शक्यतो तीच कंपनी चालू ठेवावी. जनऔषधी केंद्रात साठा संपलेला असू शकतो, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची खरेदी करावी. दोन कंपन्यांच्या गोळ्या एकाच डबीत ओतू नयेत.

कधी थांबू नये

चेहरा किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, ताप येऊन अंग ताठरणे व स्नायू उडणे, आकडी, बेशुद्धी, काळी शौच यांपैकी काहीही झाले तर नोंदवही उघडत न बसता सिव्हिलच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे किंवा १०८ ला फोन करावा. झोपेची गरजच वाटेनाशी होऊन माणूस एकाएकी फार उत्साही, खर्चिक व चिडखोर झाला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवावे. पंचविशीच्या आतील रुग्णांत औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात त्यांना एकटे ठेवू नये. कोणत्याही वयात असे विचार आले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल तर माणसाला सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

नोंद कळवणे

गोळीचाच संशय पक्का झाला, तर डॉक्टरांमार्फत किंवा स्वतः ती नोंद राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. कळवताना मूळ औषध, कंपनी, पॉवर, बॅच नंबर, मुदत, गोळी सुरू केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि सोबतची इतर औषधे सांगावी लागतात. गोळी फुटकी, डागाळलेली किंवा ओलसर निघाली तर तो प्रतीचा प्रश्न आहे, आणि त्याची तक्रार बिलासह अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर येथील कार्यालयात करावी. अशा पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या दुकानदाराला परत देऊन टाकू नयेत; तपासणीसाठी त्याच लागतात.